नाव नसलेले शिपाई

संग्रह हाही एक प्रकारचा ग्रंथच असतो. काय घ्यावे, काय सोडावे, कशाच्या शेजारी काय मांडावे, हे ठरविताना संग्राहक लेखकाइतकेच निर्णय घेत असतो. म्हणूनच ग्रंथाची होते तशी समीक्षा संग्रहाचीही व्हावयास हवी. आपल्याकडे ती सहसा होत नाही. संग्राहकाच्या चिकाटीचे कौतुक करून आणि वस्तूंची संख्या सांगून आपण थांबतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळातील (१८६१ ते १८६५) शिपायांच्या छायाचित्रांचा लिलजेनक्विस्ट कुटुंबाचा संग्रह पाहताना ही उणीव मला सारखी जाणवत राहिली.

टॉम लिलजेनक्विस्ट हे वॉशिंग्टन शहरालगत राहणारे जवाहिरे. त्यांनी आणि त्यांच्या तीन मुलांनी मिळून जमविलेली सुमारे सातशे छायाचित्रे २०१० साली लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाला दिली आणि पुढेही त्यांत भर घालीत राहिले. सेनापतींच्या मागे हे कुटुंब लागले नाही. त्यांचा ओढा साध्या शिपायांकडे, त्यातही मिसरूड न फुटलेल्या कोवळ्या चेहऱ्यांकडे. ही निवड संग्रहाचे बळ आहे. तिच्यात एक धोकाही आहे, त्याकडे पुढे येतो.

ही चित्रे बहुतांशी अँब्रोटाइप आणि टिनटाइप या दोन प्रकारची. अँब्रोटाइप काचेवर घेतलेले असते आणि पाठीशी काळा रंग वा काळे कापड असल्याखेरीज ते नीट दिसत नाही. टिनटाइपमध्ये काचेच्या जागी काळे रोगण चढविलेला लोखंडाचा पातळ पत्रा असे. नावात ‘टिन’ असले तरी कथील त्यात औषधालाही नाही. दोहोंतही छापण्यासाठी वेगळी निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यात घातलेला पत्राच धुऊन, रोगण देऊन गिऱ्हाइकाच्या हाती पडे. म्हणजे आज ग्रंथालयाच्या कपाटात असलेला पत्रा त्या दिवशी त्या शिपायासमोर चार-सहा हातांवर प्रत्यक्ष हजर होता. कागदी प्रतींना ही गोष्ट साधत नाही, आणि या चित्रांचे वेड लागलेल्यांना नेमकी तिचीच भूल पडलेली असते. चित्र आरशातल्यासारखे उलटे उमटे. पट्ट्याच्या बकलावरची ‘यू. एस.’ ही अक्षरे उलटी दिसतात, उजव्या हातातली बंदूक डाव्या हातात गेलेली असते. हे ठाऊक असलेले काही शिपाई बंदूक मुद्दाम दुसऱ्या बाजूस धरीत. मग गालांवर गुलाबी रंगाचा हात फिरे, बटणांना सोनेरी ठिपका लागे, आणि पितळी चौकट व मखमल असलेल्या, पुस्तकासारख्या मिटणाऱ्या डबीत तो पत्रा घरी जाई.

एप्रिल २०११ मध्ये, युद्धारंभाच्या दीडशेव्या वर्षी, या संग्रहाचे ‘द लास्ट फुल मेझर’ नावाचे प्रदर्शन ग्रंथालयाने भरविले. तेथे उत्तरेकडील संघराज्याच्या ३६० शिपायांचे चेहरे मांडले होते; हजार मृतांमागे एक, असा हिशेब. दक्षिणेचे ५२, पाच हजारांमागे एक. इराक आणि अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या सैनिकांची छायाचित्रे ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्रात छापून येत. त्यांवरून ही मांडणी सुचली. कल्पना मनाला भिडणारी आहे, यात शंका नाही. पण वृत्तपत्रातला प्रत्येक चेहरा मेलेल्या माणसाचा होता आणि त्याखाली त्याचे नाव होते. येथे बहुसंख्य चित्रांखाली शब्द आहे तो ‘अनोळखी’. ज्याचे नावच ठाऊक नाही तो युद्धात मेला असे कशावरून? यांतले कितीतरी जण घरी परतले असणार, त्यांनी शेती केली असणार, नातवंडे पाहिली असणार. जिवंत राहिलेल्यांना मृतांच्या रांगेत उभे करणे ही संग्राहकाच्या करुणेची उचल आहे, आणि ती चित्रांच्या पुराव्यापलीकडे जाते. कोवळ्या चेहऱ्यांच्या निवडीतला धोका तो हाच. मिसरूड न फुटलेला मुलगा गणवेशात दिसला की आपण त्याला मनोमन मारूनच टाकतो. (हजारांमागे एक हे गणितही त्याच वर्षी डळमळले. सुमारे सहा लाख वीस हजार हा मृतांचा रूढ आकडा कमी आहे, तो साडेसात लाखांच्या आसपास असावा, असे जे. डेव्हिड हॅकर या इतिहासकाराने जनगणनेच्या आधारे २०११ मध्येच मांडले.)

तरीही ‘अनोळखी’ हा शब्द जसाच्या तसा राहू दिला, याबद्दल ग्रंथालयाला आणि कुटुंबाला श्रेय द्यायला हवे. बाजाराचा कल उलटा आहे. या चित्रांची किंमत ठरते ती आधी शस्त्रांवर: पिस्तूल असेल तर अधिक, पिस्तूल आणि सुरा असेल तर आणखी. पुष्कळदा ही शस्त्रे छायाचित्रकाराच्याच मालकीची असत आणि एका शिपायाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात. दुसरी गोष्ट नाव. नाव जोडलेले चित्र महाग, म्हणून नाव जोडण्याचा मोहही मोठा. एका डबीतले चित्र दुसरीत गेले की मखमलीखालची चिठ्ठी भलत्याच माणसाची होते.

पण नुसते नाव कळूनही भागत नाही. संग्रहातील सर्वांत बोलके चित्र याची साक्ष देते. १८६१ च्या सुमाराचा टिनटाइप; दोन तरुण शेजारी बसले आहेत, एक गोरा, एक काळा. दोघांच्याही अंगावर दक्षिणेच्या सैन्याचा पोशाख, हातांत लांब सुरे, जवळ पिस्तुले, बंदूक. गोरा तो अँड्र्यू चँडलर, मिसिसिपीच्या ४४व्या पायदळ पलटणीतला सार्जंट. काळा तो सायलस चँडलर. दक्षिणेच्या बाजूने काळे लोकही स्वखुशीने लढले, म्हणजे युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतेच, असे म्हणणाऱ्यांनी हे चित्र वर्षानुवर्षे पुढे केले. वस्तुस्थिती अशी की सायलस हा चँडलर घराण्याचा गुलाम होता आणि धन्याची सेवा करण्यासाठी त्याला रणांगणावर नेले होते. काळ्यांना शिपाई म्हणून भरती करण्याची मुभा दक्षिणेच्या सरकारने दिली ती मार्च १८६५ मध्ये, पराभव दाराशी आल्यावर. युद्धानंतर सायलसला निवृत्तिवेतन मिळाले, तेही नोकर म्हणून, शिपाई म्हणून नव्हे.

चित्र बनावट नाही. पत्रा अस्सल, माणसे अस्सल, नावेही अस्सल. खोटी आहे ती मांडणी, आणि ती दीडशे वर्षांपूर्वी स्टुडिओतच झाली होती. २०१४ साली लिलजेनक्विस्टांकरवी हे चित्र ग्रंथालयात आले तेव्हा त्याच्या शीर्षकात सायलसच्या नावापुढे ‘कुटुंबाचा गुलाम’ असे शब्द घातले गेले. माझ्या मते साऱ्या संग्रहातले हे सर्वांत मोलाचे शब्द होत. सायलसच्या चेहऱ्यात कोणी निष्ठा वाचतो, कोणी दबलेला संताप. दोघेही आपापले मतच वाचत असतात.

दुसरे उदाहरण अधिक सुखाचे. उत्तरेच्या गणवेशातील एक काळा शिपाई, शेजारी पत्नी आणि दोन लहान मुली. हे चित्र मेरिलँडमध्ये सापडले, म्हणून हा गृहस्थ मेरिलँडमध्ये उभारलेल्या सात काळ्या पलटणींपैकी एकीतला असावा, असा अंदाज नोंदीत होता. अंदाज तर्काला धरून होता, पण चुकीचा. पुढे ओळख पटली ती ११९व्या पलटणीतील सार्जंट सॅम्युएल स्मिथ, पत्नी मॉली आणि मुली मेरी व मॅगी अशी; आणि ती पलटण केंटकीतली. वस्तू जेथे सापडते तेथलीच असते, असे मानणाऱ्या साऱ्या संग्राहकांनी ही नोंद जवळ ठेवावी.

ओळख पटविण्याच्या कामी आता यंत्रेही आली आहेत. व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील कर्ट लूथर यांनी २०१८ पासून संगणकाकरवी चेहरे जुळवून अशा शिपायांची नावे शोधण्याची सोय उपलब्ध करून दिली. ती स्तुत्यच. पण यंत्र ‘सारखा दिसतो’ एवढेच सांगते. ‘तोच आहे’ हे माणसाला कागदपत्रांवरूनच ठरवावे लागते. या बाबतीत १८६३ सालची एक गोष्ट मला अधिक शिकवून जाते. गेटिसबर्गच्या लढाईत पडलेल्या एका शिपायाच्या हातात तीन मुलांचे अँब्रोटाइप सापडले; त्याची ओळख पटेल असे दुसरे काही जवळ नव्हते. त्या काळी वृत्तपत्रांत छायाचित्र छापता येत नसे. तेव्हा फिलाडेल्फियाच्या एका पत्राने त्या चित्राचे शब्दांत वर्णन छापले: सर्वांत धाकटा मधोमध उंच खुर्चीत, दोन्ही बाजूंना भाऊ आणि बहीण, त्या दोघांच्या कपड्यांचे कापड एकच. इतर पत्रांनी ते उतरवून घेतले, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोर्टव्हिल गावी एका स्त्रीला ते वाचून कळले की आपण विधवा झालो. शिपाई होता १५४व्या न्यूयॉर्क पलटणीतला एमोस ह्यूमिस्टन. मुले फ्रँक, ॲलिस आणि फ्रेड. त्या बाईने चित्र पाहिले ते नंतर. आधी वर्णन वाचले.

हे सारे लिहिताना डोळ्यांपुढे आमच्या इंदूरच्या घरातील एक तसबीर होती. लाला दीनदयाळांनी आपल्या छायाचित्रकलेचा आरंभ ज्या शहरात केला त्या शहरातल्या जुन्या मराठी घरांत अशी एखादी तसबीर हटकून असते. पागोटे, मिशा, कमरेला तलवार. लहानपणी सांगितले गेले की हे आमचे पणजोबा, होळकरांच्या फौजेतले. थोरल्या आत्यांचे म्हणणे, ते पणजोबा नव्हेत, त्यांचे धाकटे बंधू. मागच्या पुठ्ठ्यावर मोडीत दोन ओळी होत्या; लहानपणी त्या पाहिल्याचे मला पक्के आठवते, पण मोडी वाचता येत नव्हती. वाळवी लागली म्हणून वीसेक वर्षांपूर्वी तसबीर फ्रेमवाल्याकडे दिली. त्याने काच बदलली, नवी सोनेरी पट्टी लावली आणि पुठ्ठा टाकून दिला. काम सुबक केले होते. मी पैसे देऊन घरी आलो आणि तसबीर भिंतीवर लावल्यानंतर आत्यांनी विचारले, मागचा कागद कुठे आहे?

ती तलवारही बहुधा छायाचित्रकाराचीच असावी. घरात कधी तलवार असल्याचे कोणालाच आठवत नाही. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी तसबीर उतरवली आणि नव्या पुठ्ठ्यावर दोन्ही नावे लिहिली: आधी आत्या सांगत ते, मग वडील सांगत ते, आणि खाली कोणी कोणते सांगितले तेही.