मोकळीक आणि दुःख : 'ख्रिस्तपुराण' वाचताना

फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'तील मराठीची स्तुती पुष्कळांना ठाऊक असते. पुराण मात्र सहसा कोणी उघडीत नाही. यंदाच्या पावसाळ्यात अमरावतीस मी ते सलग वाचून काढले, ते एका जुन्या प्रश्नापायी.

हा प्रश्न अकोल्याच्या घरातला. मी आठ वर्षांचा असताना धाकटा भाऊ तापाने गेला. भेटायला येणाऱ्या बायका आईला म्हणत, "मागल्या जन्माचं काही असंल, बाई." शेजारी एक ख्रिस्ती मास्तर राहत. आमचा दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जाई. त्यांचा नाताळचा आम्ही मुले खात असू, आजी शिवत नसे. मास्तरांना मी विचारले, "देव चांगला, तर मग असं का?" ते म्हणाले, "देवानं माणसाला मोकळं ठेवलंय, बाळ." माझे समाधान झाले नाही.

१६१६ साली साष्टीतल्या राचोल येथे छापलेल्या या पुराणाच्या पहिल्या भागात मास्तरांचे उत्तर कथारूपाने भेटते. आधी देवदूतांचे बंड, मग आदाम-एवेने खाल्लेले फळ. देवाला त्यांचा हात धरता आला असता. पण हात धरून करविलेली भक्ती ती भक्ती कसली? संत ऑगस्टीनपासून (३५४–४३०) ख्रिस्ती विचार सांगत आला आहे की वाईट ही देवाने घडविलेली वस्तू नव्हे. ते चांगल्याकडे पाठ फिरविणाऱ्या इच्छेचे फळ.

विचार थोर खरा. पण याच साष्टीत १५६७ साली देवळे पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळीस पाच जेझुइट मारले गेले आणि सूड म्हणून पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना ठार केले. देवाने आदामाचा हात धरला नाही. त्याच्या नावाने राज्य करणाऱ्यांनी साष्टीकरांचा मात्र धरला!

माणसाच्या जुलमाचा उलगडा या मोकळिकीने होईलही. पण ताप कोणाच्या इच्छेने येतो? येथे आदिपाप पुढे येते : आदामाच्या अपराधाने मृत्यू जगात शिरला. आपल्या संचिताच्या शेजारचेच हे घर. एकीकडे अपराध मागल्या जन्माचा, दुसरीकडे मूळ पूर्वजाचा. आईच्या मांडीवरचे मूल दोन्हींकडे आरोपीच.

मला जवळचे वाटते ते योहानाच्या शुभवर्तमानातले, नवव्या अध्यायातले उत्तर. जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशू दोघांनाही निर्दोष ठरवितो, आणि देवाचे कार्य प्रकट व्हावे म्हणून हे घडले, असे सांगतो. हे दुसरे मला आजही पटत नाही. देवाच्या थोरवीसाठी कोणी आंधळे का जन्मावे? पण आरोप मागे घेतला जातो आणि लगेच हात चिखल कालवून डोळ्यांना लावू लागतो, हे मोठे आहे. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनचे कुष्ठरुग्णालय उभे राहिले, १९४६ साली अमरावतीस शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन. श्रद्धा निरनिराळ्या, जखम धुण्याची रीत एकच.

आमच्या घरी चूल पेटली नव्हती, त्या दिवशी मास्तरांची बायको पिठलं-भाकर घेऊन आली. जन्माचे, पापाचे ती काहीच बोलली नाही. आजीने तिच्या हातची ताटली घेतली, भाकर मोडली आणि पहिला घास आईला भरविला.