तालमीचे नाव आणि वस्तादाचा हात

२००२ च्या ‘मॉरोविंड’ या व्हिडिओ गेममध्ये योद्ध्यांच्या किंवा जादूगारांच्या संघात वरची पायरी हवी असेल, तर त्या संघाची कौशल्ये ठरावीक पातळीपर्यंत कमवावीच लागतात. त्याच मालिकेतल्या २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये ही अट गेली. तिथे तलवारीवर जगणारा गडीही मोजकेच मंत्र वापरून जादूच्या विद्यापीठाचा प्रमुख होतो. सभासदत्वाचे लाभ राहिले, विद्या ऐच्छिक झाली. कोल्हापूरच्या लाठी-दांडपट्ट्याच्या मर्दानी खेळांकडे पाहताना मला हीच घसरण दिसते, आणि ती मनाला लागते.

तालीम हा आपल्याकडचा असाच संघ. पेठेतल्या पोराला तिथे ओळख, पाठबळ आणि वस्ताद मिळायचा; बदल्यात घाम गाळावा लागायचा. आज पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही तालमींची नावे शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या संघांना लागतात. त्यात वाईट काही नाही. फुटबॉलने पेठांची ईर्षा जिवंत ठेवली. पण तालमीचा सभासद म्हणवणाऱ्या किती जणांनी पट्टा हातात चढवून पाहिला आहे?

कुस्तीचे तसे झाले नाही. राजर्षी शाहूंनी तिला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले. गावोगावची पोरे तालमीत राहून मेहनत करू लागली. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर. कुस्ती टिकली ती केवळ इनामावर नव्हे. समोर प्रतिस्पर्धी असतो, आणि घिस्सा कच्चा असेल तर तो तिथल्या तिथे उघडा पडतो.

मर्दानी खेळाला आज प्रेक्षक आहेत, प्रतिस्पर्धी नाही. शिवजयंतीची मिरवणूक, गणपती, पाहुण्यांचे स्वागत: लाठी फिरते, तळहातावरचे लिंबू पट्ट्याने कापले जाते, टाळ्या पडतात. त्यामागची मेहनत खरी आहे. पट्ट्याची मूठ हातमोज्यासारखी कोपरापर्यंत येते, मनगट जखडले जाते, म्हणून वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. हे अंगात मुरायला वर्षे जातात. तरीही स्थिर लिंबू कापणे आणि हलत्या माणसाचा वार चुकवणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसरी विद्या फरी-गदक्यात होती: एका हातात ढालीसारखी फरी, दुसऱ्यात चामडे मढवलेली छडी, आणि समोर तितकाच तयार गडी. मिरवणुकीत तीच सर्वांत कमी दिसते, कारण दुरून ती डोळ्यांत भरत नाही.

सरकारी मान मिळाला आहे. २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. मात्र हरियाणात २०२२ मध्ये पार पडलेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत पंजाबचा गटका, केरळचे कलरीपयट्टू, मणिपूरचे थांग-ता आले, आपला मल्लखांबही आला. मर्दानी खेळ आला नाही. त्याला गुण द्यायचे कशाचे, हे आधी आपण ठरवायला हवे. एकाच पवित्र्याला दोन आखाड्यांत दोन नावे असतील, पट्टा कधी हातात द्यायचा हे वस्तादागणिक बदलत असेल, तर पंच काय मोजणार? घराण्यांचे वेगळेपण जरूर जपावे, पण किमान पायऱ्या समान हव्यात.

पेठ वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. १७०८ मध्ये ते गेले. त्यांच्या पिढीला हत्याराचा हात कुणाच्या टाळ्यांसाठी नको होता. तो चुकला तर जीव जायचा. ती कसोटी परत यावी असे कोणी म्हणणार नाही. पण मोबाइलवर संघात शिरून रात्रभर एकेक पातळी कमावणाऱ्या इथल्या पोरांना चिकाटी शिकवायची गरज नाही, ती त्यांच्यात आहे. त्यांना दिसणारी पायरी हवी: आधी पाय, मग लाठी, मग फरी-गदका, आणि प्रत्येक पायरीवर दुसऱ्या तालमीच्या गड्याशी सामना. पट्टा त्यानंतर. फरी-गदक्याचा वार अंगाला लागला की नाही हे पंचाला दिसते, इजाही कमी होते. म्हणून तालमी-तालमींतली पहिली स्पर्धा त्याचीच घ्यावी, आणि फुटबॉलच्या हंगामासाठी वर्गणी काढणाऱ्या तालमींनीच ती भरवावी.