विचाराची दिशा

मुस्लिम लेखकाचे मराठी पुस्तक हाती आले, की 'हा विचार कोणत्या भाषेत करतो?' अशी शंका काही समीक्षक काढतात. भाषा ठरवील तेवढाच विचार माणूस करतो, हे त्यामागचे गृहीतक. अमेरिकन भाषाभ्यासक बेंजामिन व्होर्फ यांच्या नावाने ओळखले जाणारे हे मत आम्हांला टोकाचे वाटते.

आम्ही उर्दू माध्यमात शिकवतो. पोशीरच्या मुलांपुढे आम्ही राबभाजणी, लावणी, कापणी अशी तीन चित्रे ठेवली. बहुतेकांनी ती उजवीकडून डावीकडे मांडली. मराठी शाळेतल्या मुलांनी डावीकडून उजवीकडे. बार्बरा ट्व्हर्स्की व सहकाऱ्यांच्या १९९१च्या अभ्यासातही इंग्रजी व अरबी भाषिकांत असाच फरक आढळला होता. म्हणजे लिपी मनावर ठसा उमटवते, हे खरे. पण लावणीआधी कापणी कोणीच ठेवली नाही! मांडणीची दिशा बदलली, शेताची समज बदलली नाही.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत रचला. त्यांना संतपरंपरेत मान मिळाला तो ग्रंथातल्या अनुभवामुळे. आजच्या लेखकालाही तोच न्याय हवा. समीक्षकाने त्याच्या डोक्यातली भाषा धुंडाळू नये, पानावरचा अनुभव तपासावा.

आणि आपणही एक करावे. घरातली बोली मराठीत उतरली तर तिला चूक समजून खोडू नये. 'मराठी चुकेल' या धास्तीने कित्येकांची पहिली कथा वहीतच राहिली आहे.