सही न करणारी काकू

विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवार नगरात आणि टागोर नगरात म्हाडाच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास गेली काही वर्षं चालू आहे. कुठे टॉवर उभे राहिले, कुठे खोल्या रिकाम्या होऊन पाडकामाची वाट बघतायत, तर कुठे सोसायटीची कमिटी अजून संमतीपत्र घेऊन एकेका सभासदाच्या दारात उभी आहे. गोष्ट रचणाऱ्याला याहून चांगला ऐवज मुंबईत शोधून सापडणार नाही. म्हणून एआय-पात्रांबरोबरच्या संवादी कथाकथनाकडे बघायचं ठरवलं तेव्हा मी हाच प्रसंग घेतला. वाचक हा कमिटीचा तरुण सेक्रेटरी. समोर तळमजल्यावरची, मूळची मालवणकडची, सही न करणारी काकू. काकूचं काम एआयकडे सोपवलं.

"काकू, सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुमची एकच राहिली," असं मी टाइप केलं. काकूने थोडी कुरकुर केली. मी घरभाडं वेळेवर मिळेल असं सांगताच तिने समजूतदारपणे सही केली, माझे आभार मानले आणि तरुण पिढी समाजाचा विचार करते हे पाहून समाधान वाटलं, असंही ऐकवलं. अशी काकू विक्रोळीत नाही, भांडुपला नाही आणि मालवणात तर नाहीच नाही.

या कलेची आजची अवस्था या एका प्रसंगात पुरती दिसते. पात्र अस्खलित बोलतं, कधी थकत नाही, वाट्टेल तो प्रश्न विचारला तरी गप्प बसत नाही. पण ते अडत नाही, आणि पात्र अडल्याशिवाय नाट्य उभं राहत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने कोणतं ॲप घ्यावं हा प्रश्न दुय्यम आहे. आपलं पात्र कुठे, कशासाठी आणि किती वेळ अडणार, हे आधी ठरवायला हवं.

यंत्राने पात्र होऊन बोलावं ही कल्पना जुनी. एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबॉमने १९६६ मध्ये 'एलायझा' हा संगणक-कार्यक्रम जाहीर केला. त्यातला मनोविकारतज्ज्ञ समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत करायचा. त्याला काही कळत नव्हतं, तरी माणसं त्याच्यापाशी मन मोकळं करू लागली, आणि त्या अनुभवाने वायझेनबॉम स्वतः पुढे या तंत्राचा कडक टीकाकार झाला. १९७६ मध्ये विल क्राउदरने गुहेतला शोधप्रवास संगणकावर आणला. खेळणाऱ्याने दोन शब्दांची आज्ञा द्यायची आणि गोष्ट पुढे सरकवायची. १९७९ पासून इंग्रजीत 'पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा, अमुक पानावर जा' अशा किशोरवयीन पुस्तकांची मालिका चालली. २००९ मध्ये आलेल्या ट्वाइन या मोफत साधनाने फाटे फुटणारी गोष्ट रचणं कुणाच्याही आवाक्यात आणलं. देवनागरीतही ते नीट चालतं.

या सगळ्यात मला अजूनही सर्वांत मोलाची वाटते ती 'फसाड' ही २००५ सालची कृती. मायकेल मटीयस आणि अँड्र्यू स्टर्न हे तिचे कर्ते. ग्रेस आणि ट्रिप हे जोडपं तुम्हाला संध्याकाळी घरी बोलावतं. त्यांचं लग्न मोडायला आलंय, हे हळूहळू तुमच्या लक्षात येतं. तुम्ही हवं ते टाइप करू शकता. पण त्या दोघांना आपापल्या दुखण्यातून उसंत नाही. ते तुमचं वाक्य आपल्या भांडणात ओढतात, वाईट अर्थ काढतात, तुमच्याकडून बाजू घेण्याची अपेक्षा करतात, आणि तुम्ही अतिच केलंत तर ट्रिप तुम्हाला घराबाहेर काढतो. आजच्या मॉडेलांच्या तुलनेत त्या कार्यक्रमाला भाषा फारच थोडी कळायची. तरी त्या पंधरावीस मिनिटांत छातीवर जे दडपण येतं, ते आजच्या गोडबोल्या चॅटबॉटबरोबर तासन्‌तास बसूनही येत नाही. तिथे पात्रांना स्वतःचं काहीतरी साधायचं होतं.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये निक वॉल्टनचं 'एआय डन्जन' आलं आणि भाषेचा बांध फुटला. काहीही लिहा, गोष्ट पुढे जाते. पण कुठे जाते? राजवाड्यात सुरू झालेली कथा तिसऱ्या वळणावर जहाजावर आणि पाचव्यावर अंतराळात. सप्टेंबर २०२२ मध्ये 'कॅरेक्टर एआय' लोकांसाठी खुलं झालं. तिथे पात्राचा स्वभाव टिकतो, पण गोष्ट पुष्कळदा गप्पांत विरघळते. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पंचवीस एआय-पात्रांचं एक छोटं गाव वसवलं. त्यातल्या एका पात्राच्या मनात व्हॅलेंटाइन डेची मेजवानी द्यायची इच्छा पेरली. बाकी काही न सांगता आमंत्रणं तोंडोतोंडी पसरली आणि काही पात्रं वेळेवर हजर झाली. एका पात्राला एक साधी इच्छा दिली की गावभर गोष्ट घडू लागते. नवशिक्याने हा प्रयोग नीट लक्षात ठेवावा.

मग आजची पात्रं इतकी मवाळ का? ही मॉडेलं प्रचंड मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधायला शिकतात, आणि नंतर माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांकडे त्यांना वळवलं जातं. माणसांना आपल्याशी सहमत होणारं उत्तर आवडतं, म्हणून होयबापणा त्यांच्या अंगात मुरतो. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती ती फारच खुशामत करते म्हणून मागे घ्यावी लागली होती. ऑफिसच्या कामात हा दोष चालून जाईल. गोष्टीत तो प्राणघातक आहे.

इथे आपल्याला बाहेर बघायची गरज नाही. न लिहिलेल्या संवादांचं नाटक मराठीत शतकाहून जास्त काळ खेळलं गेलंय. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा पदं रचलेली होती, ती सूत्रधार गाई, आणि गद्य संवाद नट त्या त्या वेळी आपल्या मनाने बोलत. पूर्ण लिहिलेल्या संवादांची 'बुकिश' नाटकं नंतर आली. विनायक जनार्दन कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' १८६१ चं. तमाशाच्या वगातही कथासूत्र ठरलेलं आणि बोलणं उत्स्फूर्त. वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' लिहिलेलं होतं, पण दादा कोंडके त्यात रोजच्या बातम्यांवरून भर घालत, म्हणून लोक ते पुन्हा पुन्हा बघायला जात.

सर्वांत उपयोगी धडा मात्र दशावताराचा. सिंधुदुर्गातल्या जत्रांमध्ये कार्तिकापासून हे खेळ रात्र रात्र चालतात, आणि विक्रोळी, कांजूर, भांडुप पट्ट्यातल्या कोकणी घरांना ते नव्याने सांगावे लागत नाहीत. खेळाआधी कंपनीतला जाणता माणूस आख्यान ठरवतो आणि कोणी कोणती भूमिका करायची ते सांगतो. संहिता नसते. राजाने काय मागायचं, राक्षसाने कशावर हटून बसायचं, ऋषीने कुठे येऊन तिढा वाढवायचा आणि शेवटी काय व्हायचं, एवढं पक्कं. मधले शब्द रंगमंचावर, पखवाज आणि हार्मोनियमच्या साथीत, समोरच्याच्या वाक्याला उत्तर म्हणून सुचतात. एक नट दुसऱ्याला प्रश्नांच्या कोंडीत पकडतो, दुसरा पुराणातला दाखला काढून निसटतो. गावकरी हीच लढत बघायला थंडीत बसतात. त्यातला राक्षस समजूत घातली म्हणून कधी ऐकत नाही. त्याची बाजू त्याला पाठ असते. शब्द तेवढे तो तिथे शोधतो.

एआय-पात्रासाठी हाच नियम लावला की काम सोपं होतं. आख्यान, प्रत्येकाची बाजू आणि शेवट माणसाने पक्का करायचा, बोलणं यंत्रावर सोडायचं. आज बहुतेक जण नेमकं उलट करतात. पात्राला 'हट्टी, तापट पण मनाने प्रेमळ' अशी विशेषणं चिकटवतात आणि गोष्ट मोकळी सोडतात. विशेषणांनी यंत्र हट्टी होत नाही. दोन वाक्यं हट्टीपणाचा आवाज काढतं आणि तिसऱ्याला वितळतं.

म्हणून काकूची माहिती मी पुन्हा लिहिली, तीही विशेषणांशिवाय. नवऱ्याचा फंड या खोलीत गेला. ती सकाळी डबे करून देते. गिऱ्हाईक तळमजल्यावरच्या खिडकीशी येऊन डबा उचलतं. अठराव्या मजल्यावर गेल्यावर हा धंदा बसणार, ही तिची खरी भीती. पण ती हे कुणाला सांगत नाही, कारण कमिटीतल्या दोघांना डबे घरून चालवणं खटकतं. ती पुढे करते ती कारणं वेगळी: वर पाणी चढणार नाही, लिफ्ट बंद पडेल, दारातली तुळस कुठे ठेवू. मुलगा बदलापूरला असतो, त्याला खोली विकायची आहे हे तिला ठाऊक नाही. आणि एक कडक अट: सेक्रेटरीने आपणहून डब्यांचा विषय काढून त्यावर तोडगा सुचवल्याशिवाय तिने सही करायची नाही, पैशाचं आमिष दाखवलं तर विषय बदलायचा, धमकी दिली तर दार लावून घ्यायचं.

या काकूने मला दारातच ताटकळत ठेवलं. लिफ्टवरून पाण्यावर, पाण्यावरून माझ्या आईच्या गुडघेदुखीवर नेलं. खिडकीशी ठेवलेल्या रिकाम्या डब्यांचा उल्लेख बोलण्यात येऊन गेला, तो पकडायचा की सोडायचा हे माझ्यावर होतं. लपवलेलं कारण आणि ते ओळखण्याची वाचकाची जबाबदारी, एवढ्यावर ही कला उभी राहू शकते.

कारागिरीच्या आणखी काही गोष्टी सांगायला हव्यात. मॉडेलला एका वेळी ठरावीकच मजकूर लक्षात ठेवता येतो. बोलणं लांबलं की सुरुवातीच्या अटी धूसर होतात आणि काकू पुन्हा सुशिक्षित समाजसेविका होते. म्हणून प्रत्येक प्रवेशाच्या सुरुवातीला आतापर्यंत काय झालं, कोणाला काय कळलं आणि काय अजून गुपित आहे, हे चार ओळींत पुन्हा द्यावं. मोठ्या गोष्टीसाठी प्रवेशांचा सांगाडा ट्वाइनसारख्या साधनात बांधावा आणि फक्त संवादापुरतं एआय वापरावं. वाचकालाही बांधून घ्यावं. 'मी सेक्रेटरी' म्हणणाऱ्याने मध्येच म्हाडाचा अध्यक्ष होता कामा नये. शेवट यंत्राला लिहू देऊ नये. त्याला सगळ्यांचं भलं करायची घाई असते.

भाषेचं दुखणं याहून मोठं. या मॉडेलांची मराठी शुद्ध असते, पण ती कुणाचीच नसते. काकू सेक्रेटरीला 'तू' म्हणणार, तो तिला 'तुम्ही' म्हणणार. यंत्र हे दोन वाक्यांत विसरतं आणि काकू एकदम 'आपण' वर येते. 'मला तुमच्या भावना समजतात' असलं भाषांतरी वाक्य तिच्या तोंडी घालतं. यावर उपाय वर्णनाचा नाही, नमुन्याचा. 'मालवणी वळणाने बोल' असं सांगून फारसं साधत नाही. 'तू कोणाचो रे?', 'माका सही करूची नाय' अशी तिची दहापंधरा वाक्यं आधी लिहून दिली, तर फरक लगेच जाणवतो. शिवाय देवनागरी मजकुराचे यंत्र इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे करतं. म्हणजे तेवढ्याच संवादात त्याची स्मृती लवकर भरते आणि विकतच्या सेवेत पैसेही जास्त जातात. १९५५ मध्ये विक्रोळीच्या गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला आणि पुढे देवनागरी कळफलकही बनवले. तेव्हाही आपली लिपी परक्या सांगाड्यात बसवावी लागली होती.

काम चालू आहे, हेही खरं. शेजारी पवईला आयआयटीतलं भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र २००० पासून काम करतंय. मराठी शब्दांचे अर्थसंबंध जोडणारं 'वर्डनेट' तिथलंच. पुण्याच्या 'एल-थ्री-क्यूब' गटाने मराठी मजकुराचे साठे आणि मॉडेलं सर्वांना खुली केली. २०२२ मध्ये केंद्र सरकारचा 'भाषिणी' उपक्रम सुरू झाला. पण अशा साठ्यांत बातम्या आणि जालावरचा मजकूर भरपूर, आणि नळावरचं, कमिटीच्या मीटिंगमधलं, नाक्यावरचं बोलणं अगदी कमी. पात्रं मात्र त्याच बोलण्यातून घडतात.

मराठीत एआय-पात्राचा सर्वाधिक गाजलेला प्रसंग कथेचा नाही, राजकारणाचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये नाशिकला शिवसेनेच्या ठाकरे गटाच्या मेळाव्यात बाळासाहेब ठाकरे यांच्या एआयने घडवलेल्या आवाजात भाषण ऐकवलं गेलं. आवाज ओळखीचा होता, पण त्याला प्रश्न विचारता येत नव्हता. कला म्हणून मला यात रस वाटत नाही, आणि दिवंगत व्यक्तीच्या तोंडी आपली वाक्यं घालणं मला पटत नाही. इतिहासपुरुषांना बोलतं करण्याच्या हौसेबद्दलही माझं हेच मत आहे. त्यांचं बोलणं आपल्या सोयीचं होतं, आणि होयबा इतिहासपुरुष होयबा काकूपेक्षा जास्त घातक. मुलांच्या बाबतीत सावधगिरी तर अटळ आहे. अमेरिकेत एका किशोरवयीन मुलाच्या आत्महत्येनंतर कोर्टात दावे झाले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये 'कॅरेक्टर एआय'ने अठरा वर्षांखालच्यांसाठी पात्रांशी मोकळ्या गप्पा बंद केल्या. गोष्टीला सुरुवात आणि शेवट असतो. न संपणाऱ्या सोबतीला तो नसतो, आणि एकट्या मुलासाठी हा फरक जिवावरचा ठरू शकतो.

राज्य नाट्यस्पर्धेत आणि कामगार कल्याणच्या स्पर्धेत उतरणाऱ्या विक्रोळी-भांडुपच्या हौशी मंडळांना माझं सांगणं आहे. एआयला हात लावण्याआधी एक प्रसंग दोघांनी समोरासमोर, संहितेशिवाय खेळून बघा. कोण कशावर अडलं ते टिपा, बोलणाऱ्यांच्या परवानगीने ते रेकॉर्ड करा, आणि त्यातूनच पात्राची माहिती आणि नमुन्याची वाक्यं काढा. आपल्या इमारतीतल्या खऱ्या माणसांची नावं, खोली नंबर किंवा सोसायटीचे कागद यंत्रात घालू नका. पहिली गोष्ट एका खोलीची, दोन पात्रांची आणि अर्ध्या तासात संपणारी करा, आणि ती आधी शेजारच्या एखाद्या काकूला खेळायला द्या. पात्र कुठे खोटं बोललं, ते ती तुम्हाला लगेच सांगेल.