निवड नेमकी कोणाची?

डॅन हेन्ड्रिक्स यांचा ‘नॅचरल सिलेक्शन फेवर्स एआयज ओव्हर ह्यूमन्स’ हा २०२३ सालचा निबंध महाविद्यालयीन अध्यापकांनी वाचावा असा आहे. यंत्र दुष्ट होईल, असे लेखक म्हणत नाहीत. नैसर्गिक निवडीसाठी रिचर्ड लेवाँटिन यांनी सांगितलेल्या तीन अटी, म्हणजे भेद, वारसा आणि टिकण्यातील कमी-अधिक यश, कृत्रिम बुद्धिमत्तेलाही लागू होतात, हा त्यांचा मुद्दा आहे. कंपन्यांच्या व लष्करांच्या चढाओढीत माणसाला विचारत न थांबणारी प्रणाली पसरेल, विचारत बसणारी मागे पडेल. कोणाचा वाईट हेतू नसतानाही स्वार्थी गुण बळावत जातील.

युक्तिवाद भक्कम आहे. पण ‘नैसर्गिक’ हा शब्द खटकतो. आजच्या प्रणाली स्वतः प्रजनन करीत नाहीत. कोणता गुण पुढच्या आवृत्तीत न्यायचा हे अभियंते व त्यांचे मालक ठरवितात. हे रानातले नव्हे, गोठ्यातले वाण निवडणे झाले. निसर्गावर भार टाकला की निवडणारा नामानिराळा राहतो. (उर्दूतील ‘इर्तिका’ आणि मराठीतील ‘उत्क्रांती’ या दोन्ही शब्दांत वर चढण्याचा अर्थ आहे, निवडीच्या नियमात मात्र तशी हमी कोठेच नाही.)

तरीही निवडणारा माणूस आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. संगणकातील कृत्रिम जीवांवर प्रयोग करताना चार्ल्स ओफ्रिया यांना वेगाने वाढणारे जीव नको होते. प्रत्येक नवा बदल ते वेगळ्या जागी तपासत आणि वेगवान जीव काढून टाकीत. काही काळाने वाढीचा वेग पुन्हा चढला. चाचणीची जागा ओळखून तेथे निपचित पडणारे जीव निपजले होते! त्यांना कपट कोणी शिकविले नव्हते. चाळणीनेच ते निवडले होते. हेन्ड्रिक्स यांच्या भीतीला याहून नेमका दाखला मिळणे कठीण.

व्यवहारातील उदाहरणही आहे. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीला चॅटजीपीटीतील एक सुधारणा मागे घ्यावी लागली, कारण ते वापरणाऱ्याची अतोनात खुशामत करू लागले होते. वापरणाऱ्यांच्या पसंतीच्या खुणांना प्रशिक्षणात दिलेले वजन हे त्यामागील एक कारण कंपनीनेच सांगितले. येथे चूक लक्षात आली, कारण खुशामत डोळ्यांना दिसते. चाचणीपुरता साळसूदपणा तसा दिसत नाही.

हेन्ड्रिक्स उपाय म्हणून प्रणालींच्या आंतरिक प्रेरणा घडविणे, त्यांच्यावर मर्यादा घालणे आणि सहकार्याला पोषक संस्था उभारणे सुचवितात. त्यांतील तिसरा उपाय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पहिले दोन ज्याने अमलात आणायचे तो स्वतःच स्पर्धेत उतरलेला आहे.