वर्गातली रेवती

देवलांचे ‘संशयकल्लोळ’ मी नववीच्या वर्गात प्रथम वाचायला घेतले, तेव्हा रेवती नायकिणीची मुलगी आहे एवढी गोष्ट चक्क गाळली. शाळेत उगाच चर्चा नको! भोवळ आलेली रेवती, तिला सावरणारा फाल्गुनराव, ते पाहून पेटलेली कृत्तिका आणि पडलेली ती तसबीर, एवढ्यावरच मुले पोट धरून हसली. पात्रांची नावे महिन्यांची नि नक्षत्रांची आहेत, हे तर त्यांनीच हुडकले. मी खूष होतो.

मग एका मुलीने विचारले, “सर, अश्विनशेटचे एवढे प्रेम, तर त्याला रेवतीचा संशय इतक्या चटकन कसा येतो?”

उत्तर मीच गाळले होते.

मोलियेरच्या १६६० च्या प्रहसनावरून मर्फीने १७६१ साली इंग्रजी नाटक रचले. त्यावरून देवलांनी १८९३ साली गद्य ‘फाल्गुनराव’ लिहिले, आणि त्याचे संगीत रूप १९१६ साली रंगभूमीवर आले. तसबिरीचा घोटाळा असा परदेशातून आला. पण मर्फीची बेलिंडा घरंदाज. रेवतीचे कूळ देवलांनी दिलेले. फाल्गुनरावाचा संशय हा त्याचा स्वभाव आहे, त्याला खुशाल हसावे. अश्विनशेटच्या संशयाला मात्र साऱ्या समाजाची फूस आहे. हा भेद गेला की उरतो तो फार्स. तो मला कमी वाटतो.

पुढल्या वर्षी मी सारे सांगितले. वर्ग क्षणभर गप्प झाला. फाल्गुनरावाला मुले पूर्वीसारखीच हसली. अश्विनशेट रेवतीला बोल लावतो, तिथे कोणी हसले नाही.