सणाची सुटी आणि साराची भाषा

नोव्हेंबरांतील थँक्सगिव्हिंगचा सण जवळ आला कीं अमेरिकेंतील शाळांतून लहान मुलें कागदाच्या टोप्या करूं लागतात. निम्मीं मुलें बकलाच्या काळ्या टोप्या घालून १६२० सालीं प्लिमथला उतरलेले इंग्रज वसाहतवाले होतात. उरलेलीं डोक्याला पिसें बांधून 'इंडियन' होतात. बकल ही मागाहूनच्या चित्रकारांची करामत, आणि पिसांचा तो भला थोरला मुकुट दूरच्या मैदानी जमातींचा. प्लिमथच्या वाम्पानोआगांचा नव्हे.

या टोप्यांहून केट वॉटर्स यांचें 'सारा मॉर्टन्स डे' (१९८९) हें पुस्तक पुष्कळच सरस आहे. १६२७ सालच्या प्लिमथमधील एका मुलीचा दिवस छायाचित्रांच्या साहाय्यानें तिच्याच तोंडून सांगितला आहे. घरकामाविषयीं, नव्यानें घरांत आलेल्या सावत्र वडिलांविषयीं सारा जुन्या वळणाच्या इंग्रजींत बोलते, आणि तिचें बोलणें घोकतां घोकतां मूल तो काळ आपलासा करितें. भाषेच्या वाटेनें इतिहासांत शिरण्याची ही युक्ति आम्हांस फार आवडली.

परंतु त्या भूमीवर भाषा दोन होत्या. वाम्पानोआग मुलाचें 'टापेनम्स डे' हें पुस्तक याच लेखिकेनें लिहिलें, पण तें सात वर्षांनीं, १९९६ सालीं. सणाच्या नाटुकल्यांत तर ही दुसरी भाषा सहसा ऐकूंच येत नाहीं. तेथें स्क्वान्टो नांवाचा मनुष्य येतो, इंग्रजी बोलतो, मका पेरावयास शिकवितो. चौकस मूल विचारील, याला इंग्रजी कोणीं शिकविलें? उत्तर असें कीं, १६१४ सालीं एका इंग्रज कप्तानानें त्याला पळवून स्पेनांत विकावयास नेलें. तेथून तो इंग्लंडांत पोंचला. १६१९ सालीं परतला तेव्हां त्याचें पटुक्सेट गांव सांथीनें ओस पडलें होतें. त्याच जागीं प्लिमथ वसलें. इतक्या लहान वयांत हें सांगूं नये, असें कोणी म्हणतील. आमच्याकडे चार वर्षांचीं मुलें सीताहरण ऐकत झोपी जातात!

वाम्पानोआग भाषा पुढें शंभरांहून अधिक वर्षें कोणाचीच मातृभाषा उरली नव्हती. जॉन एलियटनें १६६३ सालीं त्या भाषेंत बायबल छापिलें (गोव्यांत फादर स्टीफन्सचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालींच छापून झालें होतें). तें बायबल व जुने दस्तऐवज यांच्या आधारें १९९३ पासून ती भाषा पुन्हां बोलती केली जात आहे. स्क्वॉश, मूस, स्कंक हे इंग्रजींतले शब्द तिच्याच भाषाकुलांतून आलेले. साराच्या पुस्तकाच्या पुढील आवृत्तींत तिच्या शब्दांशेजारीं टापेनमचेहि शब्द छापावेत, अशी आमची प्रकाशकांस सूचना आहे.